औषधाचा रेणू आणि प्रथिनाची घळ

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले शेंदूरजनाघाट (तालुका वरुड, जिल्हा अमरावती) हे गाव संत्र्याच्या बागांइतकेच संत्र्याच्या कलमांसाठीही सर्वपरिचित आहे. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरण्याचे काम तेथील माणसांच्या हातांत मुरलेले आहे. डोळा भरताना खुंटाच्या सालीवर चाकूने इंग्रजी टी अक्षरासारखा छेद घेतात, साल हलकेच उचलतात आणि तिच्याखाली डोळा सरकवून पट्टीने बांधतात. छेद लहान पडला तर डोळा बसत नाही, फार मोठा पडला तर तो हलतो व जीव धरीत नाही. साल सुटण्याचे दिवस नसतील तर हात कितीही कुशल असला तरी काम साधत नाही.

कीटकनाशक असो, बुरशीनाशक असो वा डॉक्टरांनी टोचलेले औषध असो, सजीवाच्या शरीरात त्याचे जे कार्य घडते तेही अशाच एका बसण्यावर अवलंबून असते. औषधाचा सूक्ष्म रेणू शरीरातील एखाद्या प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसतो आणि त्या प्रथिनाचे काम थांबवितो किंवा बदलतो. डोळा भरणाऱ्यास छेद डोळ्यांना दिसतो. रेणूची खाच मात्र कोणासही प्रत्यक्ष दिसत नाही. ती पाहण्याचा आणि तिच्यातील हालचाल समजून घेण्याचा एक मार्ग गेल्या पन्नास वर्षांत संगणकाने मोकळा केला आहे. त्यास सिम्युलेशन किंवा सदृशीकरण असे म्हणतात. निसर्गात जे घडते त्याची गणिताच्या साहाय्याने संगणकावर केलेली नक्कल, एवढाच त्याचा अर्थ. बागेत फवारणी करणाऱ्या मजुराच्या जिवाशी ह्या विषयाचा निकटचा संबंध आहे, म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी तो समजून घेणे अगत्याचे आहे.

कुलूप, किल्ली आणि सुटलेली साल

प्रथिन म्हटले की डाळ आणि दूध आठवते. आहारातील प्रथिने ती हीच. परंतु शरीरात गेल्यावर त्यांचे घटक सुटे होतात आणि त्यांपासून शरीर स्वतःची हजारो प्रकारची प्रथिने बांधते. प्रत्येक प्रथिन म्हणजे ॲमिनो आम्लांची एक लांब माळ होय. ह्या माळेत सामान्यतः वीस प्रकारचे मणी असतात. माळ सरळ राहत नाही, ती स्वतःभोवती गुंडाळली जाऊन तिला ठरावीक आकार येतो. माळेचा प्रत्येक सांधा कोणत्या कोनांत वळू शकतो आणि कोणत्या कोनांत वळू शकत नाही, हे मद्रास येथे गो. ना. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली दाखवून दिले. जगभर प्रथिनांचा कोणताही नवा आराखडा तयार झाला की तो आजही रामचंद्रन आलेखावर ताडून पाहतात.

प्रथिनरूपी विकर व त्यात बसणारा रेणू ह्यांचा संबंध कुलूप-किल्लीसारखा असतो, ही कल्पना जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९४ साली मांडली. ती पुष्कळ अंशी खरी आहे, तथापि अपुरी आहे. कुलूप लोखंडाचे असते, प्रथिन तसे नसते. १९५८ साली डॅनियल कॉशलँड यांनी असे प्रतिपादन केले की, रेणू आत येत असता प्रथिनही थोडे वळते, सरकते व त्याला जागा करून देते. म्हणजे लोखंडी कुलपापेक्षा साल सुटलेल्या खुंटाचे उदाहरण येथे अधिक जवळचे ठरते. नेमकी हीच हालचाल कागदावरील चित्रात येत नाही आणि तिच्यासाठीच संगणकाची गरज भासते.

एका विकराची घळ

शेतीशी निगडित असे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर, म्हणजेच एन्झाइम. मज्जातंतूकडून स्नायूकडे संदेश जातो तो ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाच्या रूपाने. संदेश पोहोचताच हे रसायन तत्काळ मोडून टाकावे लागते, अन्यथा स्नायू आकुंचन पावलेलाच राहील. वाफा भरताच पाणी पुढच्या वाफ्याकडे वळवावे लागते, न वळविल्यास वाफा फुटतो. तसाच हा प्रकार आहे. पाणी वळविणाऱ्या माणसाचे काम शरीरात हे विकर करते आणि त्याचा एकेक रेणू सेकंदाला ॲसिटिलकोलीनचे हजारो रेणू मोडतो.

इस्राएलमधील जोएल ससमन व इस्राएल सिल्मन यांच्या गटाने १९९१ साली ह्या विकराची त्रिमिती रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने निश्चित केली. त्यासाठी विकर घेतले होते ते विजेचा धक्का देणाऱ्या एका सागरी माशाच्या अवयवातून. रचना पाहून शास्त्रज्ञ चकित झाले. इतके वेगवान विकर, त्याची कामाची जागा उघड्यावर असेल अशी अपेक्षा होती; प्रत्यक्षात ती एका खोल, अरुंद घळीच्या तळाशी आढळली. घळीची खोली सुमारे २ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा पाच लाखावा भाग. सातपुड्यातील एखाद्या घळीत वरून डोकावल्यावर मध्येच कडे जवळ येऊन वाट बंद झालेली दिसावी, तशी ही घळ मध्यभागी इतकी चिंचोळी होती की ॲसिटिलकोलीनचा रेणू तीतून खाली जाणेच अशक्य वाटत होते. आणि तरीही सेकंदाला हजारो रेणू खाली जात होते!

क्ष-किरणांचे चित्र हे स्थिर चित्र असते, हे ह्या कोड्याचे मूळ होय. उत्तर शोधावयाचे तर घळीचे कडे हलताना पाहणे आवश्यक होते.

संगणक नेमके काय करतो

सदृशीकरणाची रीत तत्त्वतः साधी आहे. प्रथम प्रथिनातील प्रत्येक अणूचे स्थान संगणकास देतात. अशा रचनांचा जागतिक संग्रह १९७१ साली केवळ सात रचनांनिशी सुरू झाला, आज त्यात दोन लाखांहून अधिक रचना आहेत. नंतर प्रथिनाभोवती पाण्याचे रेणू भरतात, कारण शरीरात प्रथिन कोरडे नसते. मग कोणता अणू कोणत्या अणूस किती जोराने ओढतो किंवा दूर लोटतो, ह्याचे हिशेब मांडतात. एकमेकांस जोडलेले अणू स्प्रिंगने बांधल्याप्रमाणे वागतात. विरुद्ध विद्युत्भार एकमेकांस ओढतात, समान भार दूर सारतात. फार जवळ आलेले अणू एकमेकांस ढकलतात. ही बळे कळली की न्यूटनच्या गतिनियमांनुसार पुढच्या क्षणी प्रत्येक अणू कोठे असेल ते काढता येते. तेथून पुन्हा बळे, पुन्हा पुढचा क्षण.

हा 'क्षण' किती लहान घ्यावा लागतो त्यात ह्या कामाची सारी कष्टमयता आहे. एका सेकंदाचे दहा कोटी भाग करावेत आणि त्यांतील एका भागाचे पुन्हा एक कोटी भाग करावेत. असे एक किंवा दोन भाग म्हणजे संगणकाचे एक पाऊल. पाऊल ह्याहून मोठे टाकल्यास अणू एकमेकांत घुसतात व हिशेब कोसळतो. दोन भागांचे पाऊल धरले तरी एका नॅनोसेकंदाच्या हालचालीसाठी पाच लाख पावले लागतात आणि प्रत्येक पावलागणिक, पाणी धरून, लाखाच्या घरातील अणूंचा हिशेब करावा लागतो. १९७७ साली मॅकॅमन, गेलिन व कार्प्लस यांनी एका लहान प्रथिनाचे पहिले सदृशीकरण केले, ते सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या सुमारे नऊपट, एवढ्याच काळाचे होते. त्यात पाणीही नव्हते. मार्टिन कार्प्लस, मायकेल लेव्हिट व एरी वॉर्शेल यांना अशा संगणकीय पद्धतींच्या पायाभूत कार्यासाठी २०१३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

एवढे हिशेब एकाच यंत्राने करावयाचे तर आयुष्य पुरणार नाही, म्हणून शेकडो, हजारो गणन-घटक एकाच वेळी कामास लावतात. सोंगणीस एकाच्या जागी पन्नास माणसे उतरावीत तसे हे आहे. भारतात ह्या दिशेने मोठे पाऊल पडले ते पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्रात, म्हणजे सी-डॅकमध्ये. ही संस्था १९८८ साली स्थापन झाली आणि १९९१ साली तिने 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. त्या कार्याचे नेतृत्व करणारे डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंबा ह्या खेड्यात जन्मलेले वऱ्हाडचे सुपुत्र होत. परम मालिकेतील 'परम ब्रह्म' हा महासंगणक पुढे पुण्याच्या आयसर ह्या विज्ञानसंस्थेत बसविण्यात आला. प्रथिनांचे सदृशीकरण हे अशा यंत्रांवर चालणाऱ्या नेहमीच्या कामांपैकी एक होय.

ज्या वेळी हजारो रेणूंतून कामाचे थोडे निवडावयाचे असतात, त्या वेळी एवढा खोल हिशेब परवडत नाही. तेथे डॉकिंग नावाची झटपट रीत वापरतात. प्रत्येक रेणू निरनिराळ्या बाजूंनी फिरवून खाचेत बसवून पाहावयाचा आणि त्यास गुण द्यावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. गुणवान ठरलेल्या थोड्या रेणूंचे मग सविस्तर सदृशीकरण होते.

घळीचे दार

वर सांगितलेल्या विकराच्या बाबतीत संगणकाने कोडे सोडविले. पाण्यात बुडविलेले प्रथिन हालू लागताच असे दिसले की घळीचे कडे सतत थरथरतात. मधली चिंचोळी जागा क्षणार्धात उघडते व मिटते आणि हे इतक्या वारंवार घडते की रेणूस आत जाण्यास फारसे थांबावे लागत नाही. १९९४ साली तर एका सदृशीकरणात घळीच्या तळाजवळ, मागच्या बाजूस, एक लहानसे दार उघडताना आढळले. मोडलेला माल समोरून बाहेर न येता कदाचित ह्या मागल्या दाराने जात असावा, अशी कल्पना त्यावरून पुढे आली आणि प्रयोगशाळांत तिची उलटसुलट तपासणी पुढे अनेक वर्षे चालली. संगणकाचे सांगणे हे अंतिम न मानता तपासावयाचे विधान मानावे, ही शिस्त येथे पाळली गेली, हे विशेष.

जखडलेले विकर आणि घड्याळाचे काटे

ऑर्गॅनोफॉस्फरस वर्गातील कीटकनाशके नेमकी ह्याच घळीत उतरतात. तळाशी सेरीन नावाचे एक ॲमिनो आम्ल आहे, तेच ह्या विकराचे कामाचे हत्यार. कीटकनाशकाचा फॉस्फरसयुक्त भाग ह्या सेरीनला रासायनिक बंधाने चिकटतो आणि विकर निकामी होते. किडीच्या शरीरात हे घडले म्हणजे कीड मरते. परंतु माणसाच्या शरीरातही तेच विकर, तशीच घळ व तेच सेरीन आहे. कीड आणि माणूस ह्यांत हे विष भेद करीत नाही ते ह्याच कारणाने.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावरील फवारणीच्या हंगामात वीसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने मृत्युमुखी पडले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. तेथे वापरल्या गेलेल्या औषधांत निरनिराळ्या वर्गांतील औषधे होती व त्यांची मिश्रणेही होती. कापसाची उंच वाढ, अंगास चिकटलेले ओले कपडे, संरक्षक साधनांचा अभाव, अशी अनेक कारणे त्या वेळी चर्चिली गेली. संत्र्याच्या बागेत फवारा डोक्याच्या वरून मारावा लागतो आणि तो खाली फवारणाऱ्याच्याच अंगावर उतरतो, हे वरुड-मोर्शी भागातील बागायतदारांनी लक्षात घेण्याजोगे आहे.

विष चिकटल्यावर पुढे काय होते, हे जाणून घेणे फार महत्त्वाचे. आरंभी हा बंध सोडविता येतो. प्रॅलिडॉक्झिम, ज्यास रुग्णालयात 'पाम' म्हणतात, हे औषध घळीत उतरून फॉस्फरसचा भाग सेरीनवरून ओढून काढते. परंतु काळ जातो तसा चिकटलेल्या भागाचा एक तुकडा गळून पडतो आणि उरलेला भाग घळीत असा घट्ट बसतो की मग तो कोणत्याही उपलब्ध औषधाने निघत नाही. विकराचे हे 'जून होणे' औषधाच्या प्रकारावर अवलंबून आहे. डायमेथोएट, मोनोक्रोटोफॉस ह्यांसारख्या औषधांनी जखडलेले निम्मे विकर सुमारे पावणेचार तासांत जून होते. क्लोरपायरीफॉससारख्या औषधांच्या बाबतीत हाच काळ सुमारे तेहेतीस तासांचा आहे. बंध तुटणे व जुळणे हा रासायनिक बदल असल्याने साध्या स्प्रिंगच्या हिशेबाने तो कळत नाही. तेथे घळीच्या तळाशी पुंज-यांत्रिकी व उरलेल्या प्रथिनासाठी साधे नियम, अशी मिश्र रीत वापरतात. वॉर्शेल व लेव्हिट यांनी १९७६ साली ती घालून दिली.

दुसरे औषध ॲट्रोपीन. ते विकराकडे जातच नाही. ॲसिटिलकोलीन ज्या ग्राहक-प्रथिनावर जाऊन बसते, ती जागा हे आधीच अडविते. त्यामुळे साचलेल्या ॲसिटिलकोलीनचा उपद्रव कमी होतो. ह्या ग्राहक-प्रथिनाच्या एका प्रकाराची रचना २०१२ साली प्रसिद्ध झाली. दम्यासारख्या श्वसनविकारांवर वापरले जाणारे, ॲट्रोपीनच्याच गोत्रातील टायोट्रोपियम हे औषध त्यात उतरताना आधी तोंडाशी थबकते, असे सदृशीकरणात दिसून आले. विषबाधेत ॲट्रोपीन हाच उपचाराचा मुख्य आधार आहे. 'पाम'चा लाभ रुग्णालयीन पाहण्यांत सर्वत्र सारखा आढळलेला नाही, म्हणून ते कोणास, केव्हा द्यावे हा निर्णय डॉक्टरांचाच. येथे एक सूचना देणे भाग आहे. धोतऱ्यात ॲट्रोपीनच्या जातीची द्रव्ये असतात ही गोष्ट खरी, परंतु त्यांचे प्रमाण झाडागणिक बदलते. तेव्हा धोतऱ्याचा काढा देण्याचा प्रयोग कोणीही करू नये. त्याने दुसरी विषबाधा होईल.

लाळ व घाम सुटणे, डोळ्याची बाहुली बारीक होणे, मळमळ, पोटात कळा, छातीत कफ दाटणे, स्नायू फडफडणे ही ह्या वर्गाच्या विषबाधेची लक्षणे होत. ती दिसताच कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवावे, रोग्यास कुशीवर ठेवावे, मुद्दाम उलटी करवू नये आणि वेळ न दवडता रुग्णालयात न्यावे. सोबत औषधाचा डबा किंवा त्यावरील लेबल अवश्य न्यावे. वर दिलेले तासांचे आकडे पाहता लेबलाचे महत्त्व उघड आहे. कोणत्या औषधाने विषबाधा झाली हे कळल्याशिवाय डॉक्टरांना किती अवधी हाती आहे ह्याचा अंदाज येत नाही. काही औषधे यकृतात रूपांतर झाल्यावरच पूर्ण विषारी बनतात, त्यामुळे लक्षणे उशिराही दिसू शकतात. संध्याकाळी ठीक वाटणाऱ्या मजुराकडे रात्री घरच्यांनी लक्ष ठेवावे.

कीड दाद का देत नाही

घळीत एक ॲमिनो आम्ल बदलले तरी सारे गणित बदलते. काही डासांत घळीच्या तळाजवळचा ग्लायसीन हा सर्वांत लहान मणी जाऊन त्या जागी थोडा मोठा सेरीन आलेला आढळला आहे. एवढ्याने कीटकनाशकाच्या रेणूस बसावयास जागा उरत नाही आणि डास त्यास दाद देत नाही. छेद अरुंद पडला तर डोळा बसू नये, तसेच हे. अशी कीड फवारणीतून वाचते, तिचीच प्रजा वाढते आणि पुढच्या हंगामात तेच औषध निष्फळ ठरते. संत्र्यावरील मावा व सायला ह्यांचे नियंत्रण करताना केवळ कंपनीचे नाव बदलल्याने काही साधत नाही, कारण दोन नावांची दोन औषधे एकाच घळीत उतरणारी असू शकतात. पुढील फवारणीस औषधाचा वर्ग बदलावा. वर्ग लेबलावरून कळत नसल्यास कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांस विचारावा.

बुरशीचेही तसेच आहे. डिंक्या रोगावर वापरले जाणारे मेटॅलॅक्झिल हे फायटोप्थोराच्या एकाच विशिष्ट विकरावर काम करते, त्यामुळे त्याच्या सततच्या वापराने रोगजंतू निर्ढावतो. उलट, एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना व दहा लिटर पाणी ह्यांच्या बोर्डो मलमातील तांबे बुरशीच्या अनेक प्रथिनांवर एकदम आघात करते. खोडास हे मलम लावण्याची जुनी रीत शंभर वर्षांनंतरही टिकून राहिली ती ह्यामुळेच.

संगणकाचा खरा उपयोग भेद शोधण्यात आहे. २००६ साली युआन-पिंग पांग ह्या शास्त्रज्ञांनी संगणकीय आराखड्यांची तुलना करून दाखविले की, हिवतापाच्या डासाच्या व धान्यावरील काही माव्यांच्या विकरात घळीच्या तोंडाशी सिस्टीन नावाचे एक ॲमिनो आम्ल मोकळे असते, माणसाच्या विकरात ते त्या जागी नसते. केवळ त्या सिस्टीनला धरणारा रेणू घडविता आला तर तो किडीस मारील व फवारणाऱ्यास अपाय करणार नाही, अशी त्यामागील कल्पना आहे. मावा हा संत्र्यावरील ट्रिस्टेझा ह्या विषाणुरोगाचा वाहक असल्याने तिचे महत्त्व बागायतदारांस सहज पटेल.

मात्र कल्पना आणि डब्यातील औषध ह्यांत मोठे अंतर असते. रेणूने खाचेत आधी भरलेले पाणी बाहेर सारावे लागते, स्वतःभोवतीचे पाणीही सोडावे लागते. ह्या देवघेवीचा हिशेब थोडा चुकला तरी बांधणीच्या बळाचा अंदाज अनेकपट चुकतो. रेणू खाचेत उत्तम बसला तरी तो किडीच्या कातडीतून आत शिरेल काय, उन्हात टिकेल काय, मधमाशीस मारील काय, फळात त्याचा अंश राहील काय, ह्यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर त्या सदृशीकरणातून मिळत नाही. ज्या प्रथिनांची रचना प्रयोगाने ठरलेली नाही त्यांचा आकार आता संगणक मण्यांच्या क्रमावरून पुष्कळ अचूकपणे वर्तवितो व त्या कार्यास २०२४ सालचे नोबेल पारितोषिकही मिळाले. पण तो आकार पुन्हा स्थिर चित्रच असतो. म्हणून 'संगणकाने सिद्ध केलेले' अशी जाहिरात करून कोणी औषध विकू लागल्यास कार्यकर्त्यांनी त्यास एवढेच विचारावे: ह्या पिकावर, ह्या किडीसाठी त्याची नोंदणी झालेली आहे काय, आणि लेबलावर उतारा कोणता लिहिला आहे?